पंढरपुरात आपली दिंडी उतरली कुठं : शंभर वर्षांची हकीकत



स्मरणिकेच्या मंडळींनी मला सांगितलं की महाराज, तुम्ही इतिहास लिहा. मी म्हणालो, बाबांनो, माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीचं पुस्तक आलं त्या साली घरचा बैल मेला आणि मी औताला लागलो. कीर्तनाला उभं राहणं वेगळं अन् कागदावर लिहिणं वेगळं. पण ऐकत नाहीत. मग म्हटलं, दिंडी कशी निघाली, वीणा कुणाकडून कुणाकडं आला, हे बाकीच्यांनी लिहिलंच आहे. मी एकाच गोष्टीचं लिहितो. चालत चालत पंढरपूरला पोचल्यावर पाठ टेकायला जागा कुठं मिळाली, किती पैशात मिळाली आणि कुणाला मिळाली नाही. वारीतलं अर्धं भांडण याच गोष्टीवरून होतं हे चाललेल्या माणसाला सांगायला नको.

माझ्याकडं आधार आहे तो आज्याच्या चोपडीचा. आमचा आज्जा दिंडीची कोठी सांभाळायचा, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, घासलेट आणि पैसा. लाल कापडाची बांधणी, आतलं लिखाण मोडीत. मला मोडी येत नाही. गावातल्या एका रिटायर गुरुजींनी दोन पावसाळे बसून ती मला वाचून दाखवली. त्यांचे उपकार आहेत.

पहिली वारी १९२५ सालची. आपलं अंबड तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा फार पुढं, १९८१ ला झाला. पंढरपूर मात्र इंग्रजाच्या मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे विठोबाला जायचं तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. शहागडला गोदावरी नावेनं उतरायची. पाणी चढलेलं असलं तर नावाडी सांगेल तितके दिवस काठावर बसून राहायचं. पुढं गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा करत बार्शी. राज्याच्या शिवेवर करोडगिरीचा नाका, तिथं शिपाई पडशी सोडून बघायचा. बार्शीत गेलं की पहिलं काम सराफाकडं जाऊन पैसा बदलणं. आपल्याकडं चालायचं हाली, तिकडं कलदार. हाली रुपया कलदारापेक्षा हलका, वर सराफाचा बट्टा. घरून निघताना बांधलेली शिदोरीची रक्कम बार्शीतच कमी व्हायची. बार्शीहून कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरला छोटी गाडी जायची, ती १९०६ पासूनची. पण आपल्या दिंडीनं पायीचा नेम सोडला नाही. तिकिटाला पैसे नव्हते हेही खरं.

आता उतरण्याचं. त्या काळी पंढरपुरात लॉज नव्हते. मोठ्या संस्थानिकांचे वाडे होते. आपल्या अंबडकरांना होळकरांचं नाव सांगायला नको. अंबड होळकरांकडं होतं, अहिल्याबाईंची बारव आपण रोज बघतो. त्याच अहिल्याबाईंचा वाडा पंढरपुरात आहे, आत रामाचं देऊळ आहे. शिंद्यांचा वाडा आहे, द्वारकाधीशाचं देऊळ आहे. फडकऱ्यांचे मठ होते. पण मठात जागा त्या त्या फडाच्या माणसांना. आपली दिंडी नवी, एकवीस माणसांची, कुणाच्या ओळखीची नाही. अशांना उरायचे ते गावातल्या लोकांचे वाडे. आषाढीला घरमालक स्वतः एका खोलीत सरकायचा आणि ओसरी, पडवी, माडी, गोठासुद्धा यात्रेला द्यायचा. भाडं खणावर किंवा माणशी. दशमी ते पौर्णिमा असा हिशेब, गोपाळपूरचा काला झाला की रिकामं करायचं. गरीब घरमालकाचं वर्षाचं मीठमिरची त्यावर चालायचं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

जागा धरायला एक माणूस दोन मुक्काम आधी पुढं पळायचा. अजूनही पळतो, आता मोटारसायकलवर. आमचा आज्जा पहिल्या साली पळाला. चोपडीत त्यानं लिहिलंय, गुरुजींनी वाचलं तेव्हा मी परत वाचायला सांगितलं.

"माणसे २१. जागा २०. माणशी चार आणे कलदार."

गुरुजी म्हणाले, हिशेब चुकला असेल. पुढच्या सालचं पान काढलं. माणसे २४, जागा २३. त्याच्या पुढं माणसे २२, जागा २१. दर साली एक कमी. आज्जा हिशेबात चुकणारा नव्हता.

तो एक माणूस म्हणजे तात्या. नाव लिहीत नाही, सगळे तात्याच म्हणत. तेव्हाच्या भाषेत महारवाड्यातले. गळा असा की पहाटे काकडा सुरू केला की रस्त्याकडेच्या वस्तीतल्या बायाबापड्या उठून यायच्या. अडीचशे किलोमीटर आमच्याबरोबर चालायचे, थोडं अंतर राखून. रस्त्यावर, झाडाखाली ते चालून गेलं. पंढरपूरच्या वाड्याच्या दारात नाही. मालक विचारायचा, कोण कोण आहेत? आज्जा खरं सांगायचा. खोटं सांगितलं असतं तर कळलं नसतं, पण त्याला ते जमलं नाही. का जमलं नाही, त्यात खरेपणा किती आणि त्याच्या स्वतःच्या मनातला विटाळ किती, हे मी माझ्या आज्याबद्दल लिहितोय म्हणून झाकून ठेवणार नाही. दोन्ही होतं.

मग तात्या जायचे कुठं? गाडगेबाबांच्या चोखामेळा धर्मशाळेत. बाबांनी ही धर्मशाळा आपली दिंडी निघायच्या काही सालं आधीच बांधली होती. चोखोबांना आत सोडलं नाही, महाद्वारासमोर समाधी आहे, नामदेव पायरीजवळ आपण तिथं डोकं टेकवतो. त्यांच्याच नावाची धर्मशाळा, त्यांच्याच लोकांसाठी, कारण दुसऱ्या कुठल्या ओट्यावर त्यांना बसू देत नसत. पैसा बाबांनी लोकांकडून मागून उभा केला आणि स्वतः मात्र झोपडीत राहिले. मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळाही त्यांनीच उभ्या केल्या. कुणी म्हणेल जातीजातीच्या धर्मशाळा कशाला. मीही तरुणपणी म्हणायचो. पण भर आषाढात पाऊस पडत असताना ज्याला कुणी दारात उभं करत नाही, त्याला आधी छप्पर लागतं. पुढं ती चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली, पोरांच्या वसतिगृहासाठी.

माझे वडील लहानपणी एकदा तात्यांबरोबर त्या धर्मशाळेत गेले होते. ते सांगायचे की आमच्या वाड्यातल्या पडवीपेक्षा ती जागा चांगली, झाडलेली, पाण्याची सोय. आम्ही चार आणे देऊन गोठ्याच्या वासात झोपत होतो, तात्या फुकट स्वच्छ जागेत. सकाळी तात्या हसून विचारायचे, "काय मंडळी, झोप झाली का?"

पटकीचं भय मोठं होतं. एवढी माणसं, नदीचं एकच पाणी, एका पडवीत वीस-वीस जण. पुढं पुढं नाक्यावर सुई टोचल्याशिवाय गावात सोडायचे नाहीत. आमची आजी सुईला भिऊन एका साली शेतातून चुकवून गेली आणि घरी आल्यावर तिनंच ते कौतुकानं सांगितलं. नगरपालिका यात्राकर घ्यायची. म्हणजे जागेचं भाडं वेगळं, कर वेगळा, पैसा बदलायचा बट्टा वेगळा.

१९४७ साल. मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, देऊळ सगळ्यांना खुलं करा म्हणून. आता माझा विषय उतरण्याच्या जागेचा आहे, म्हणून एवढंच सांगतो की गुरुजींना उपोषणाला बसायला जागा देईना कुणी. एवढे मठ, एवढ्या धर्मशाळा. तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. महाराज वारकरी, माळकरी, कीर्तनकार. आपल्यातल्याच एका माणसानं दार उघडलं हे मी कीर्तनात आवर्जून सांगतो, कारण बाकीच्यांनी उघडलं नाही हेही आपल्यातलंच आहे. दहा दिवसांनी देऊळ खुलं झालं.

त्या साली आषाढीला तात्या देवळात गेले. वडील बरोबर होते. पायावर डोकं ठेवून बाहेर आले, बराच वेळ बोलले नाहीत. आणि रात्री झोपायला परत चोखामेळा धर्मशाळेत. चोपडीत १९४७ चं पान आहे. माणसे २६, जागा २५. देऊळ उघडलं होतं, वाडा नव्हता उघडला.

१९४८ ला दिंडी निघाली नाही. रझाकारांचा धुमाकूळ, शीव ओलांडायची सोय नाही. म्हाताऱ्यांनी गावातच मत्स्योदरीच्या पायथ्याला एकादशीचा जागर केला. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. करोडगिरीचा नाका उठला, काही सालांनी हालीही गेलं.

१९४९ ची आषाढी. आता दिंडी आणि पंढरपूर एकाच देशात. आज्जा त्याच वाड्यात जागा धरायला गेला. मालकानं भाडं वाढवलं होतं. आज्जा म्हणाला, देऊ, पण तेवीसच्या तेवीस माणसांना जागा द्या. मालक म्हणाला, "देऊळ सरकारनं उघडलं, वाडा माझा हाय." आज्जा परत आला आणि विणेकऱ्यांना सांगितलं. वीणा घेऊन ते वाड्याच्या दारापर्यंत गेले, वळले आणि महाद्वार घाटानं खाली वाळवंटात उतरले. दिंडी मागं. चंद्रभागेच्या वाळूवर पथाऱ्या टाकल्या. त्या रात्री पाऊस आला. वडील सांगायचे, तात्यांनी पहाटेपर्यंत भजन सोडलं नाही आणि कुणी झोपलंच नाही, झोपायला कोरडी जागाच नव्हती.

ही गोष्ट आपल्या दिंडीत मोठ्या अभिमानानं सांगतात. पण चोपडी बघा. त्या पानावर माणसे २३ आणि खाली बारीक अक्षरात "दोन असामी वाड्यात राहिले." म्हणजे दोघं जण तात्यांसाठी वाळूवर झोपायला आले नाहीत. आणि आज्यानं वडिलांना म्हातारपणी कबूल केलं होतं की भाडं वाढलं नसतं तर आपण त्या साली वळलो असतो का, हे देवालाच ठाऊक. वाळवंटात अंथरूण एक झालं, पंगत एक व्हायला अजून चार-पाच सालं लागली. हे सगळं लिहू नका असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. पण शंभर वर्षांच्या पुस्तकात एवढंही नसेल तर मग पुस्तक कशाला?

पुढच्या साली वर्गणी करून राहुटी घेतली. तिथून साठ-पासष्ट वर्षं आपलं घर वाळवंट. भाडं नाही, मालक नाही, कोण कोण आहेत हे विचारणारा नाही. माझी पहिली वारी १९७३ ची, बहात्तरच्या दुष्काळानंतरची. मी तेरा वर्षांचा. घरात धान्य नव्हतं, वडिलांनी खडी फोडून मिळालेल्या पैशात मला बरोबर घेतलं. वाळवंटात एका अंगाला आमची राहुटी, शेजारी परभणीकडची एक दिंडी, पलीकडं नगरकडची. तात्या तेव्हा थकलेले, बसूनच गायचे. त्यांनी मला जवळ बसवून पहिली चाल शिकवली. आज मी चार माणसांत उभा राहतो ती त्यांची देणगी.

वाळवंटाचं गोड तेवढंच सांगितलं तर लबाडी होईल. बायकांचे हाल होते. आडोसा नाही, अंधार पडायची वाट बघायची. आमच्या मावशी दशमीपासून पाणीच कमी प्यायच्या. वरून उजनीतून पाणी सोडलं की भोंगा, पोलीस, रात्रीतून राहुटी उपटून घाटावर पळायचं. एकदा पीठ भिजलं, पंधरा किलो. म्हणून मधे दोन-तीन सालं काही मंडळींनी हट्ट धरला की लॉज करू. एका लॉजवाल्याला वैशाखात जाऊन इसार दिला, पावती घेतली. दशमीला गेलो तर खोल्या दुसऱ्याच मोठ्या गाडीवाल्यांना दिलेल्या. पावती दाखवली तर म्हणाला, "महाराज, आषाढीचा भाव यगळा असतो." वेगळा म्हणजे एरवीच्या दहापट. इसार परत मिळाला तो कार्तिकीत, तोही निम्मा. ती रात्र आम्ही एसटी स्टँडवर काढली. बायका फलाटावर, आम्ही गाड्यांच्या मधे. एक कंडक्टर आपली रिकामी गाडी उघडून देऊन गेला, त्याचं नावही विचारलं नाही.

मग आला कोर्टाचा निकाल. यात्रेनंतर पंढरपुरातला मैला माणसांकडून हातानं साफ करवून घेतात, याविरुद्ध मुंबईच्या हायकोर्टात अर्ज झाला होता. कोर्टानं वाळवंटातल्या तंबू-राहुट्यांना मनाई केली. २०१४-१५ ची गोष्ट. आपले लोक फार चिडले. मीही कीर्तनात बोललो, आमची परंपरा वगैरे. घरी आल्यावर आमच्या सूनबाईनं विचारलं, "मामंजी, तुम्ही चार दिवस राहून येता, मागं ती घाण डोक्यावर कोण नेत होतं?" मी जेवत होतो, घास तसाच राहिला. तात्यांना बरोबर झोपता यावं म्हणून आज्जा वाळूवर उतरला होता, आणि त्याच वाळूवरची आमची घाण तात्यांसारख्याच खालच्या मानलेल्या जातीच्या माणसांच्या डोक्यावर जात होती. माझ्या चाळीस वाऱ्यांत हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

त्यानंतर सरकारनं नदीपलीकडं रेल्वेच्या जागेवर सोय केली. त्याला भक्तिसागर नाव आहे, पण कुणी म्हणत नाही, सगळे पासष्ट एकरच म्हणतात. प्लॉट पाडलेले, पाण्याचे नळ, संडास, लाईट, दवाखाना. जागेला पैसा नाही. नव्या मंडळींसाठी सांगून ठेवतो. आधी जाऊन अर्ज करावा लागतो, दिंडीचा कागद आणि माणसांचा आकडा बरोबर लागतो, आणि उशीर केला तर चिखलातला कोपरा वाट्याला येतो. आपला माणूस दशमीच्या सहा दिवस आधी तिथं असतो. मावशी मंडळी म्हणतात, साठ वर्षांत पहिल्यांदा वारीत पोटभर पाणी प्यायलो. देवळापासून लांब पडतं, पूल ओलांडून चालावं लागतं, ही तक्रार खरी. पण अडीचशे किलोमीटर चाललेल्यांनी ती करावी का?

एरवी, म्हणजे वारी सोडून गेलं तर, आता सोय पुष्कळ. मंदिर समितीची भक्तनिवासं आहेत, शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं आहे, तिथं स्वच्छता बघून घ्यावी. पोरं मोबाईलवर आधी नंबर लावतात. पण चार वाऱ्यांच्या दिवसांत आपल्यासारख्या पाऊणशे माणसांना एकत्र जागा तिथं कुठून मिळणार?

आमच्या गल्लीतले एक हाजीसाहेब आहेत, माझ्याच वयाचे, मोसंबीचा बाग आहे. त्यांना मी हे सगळं सांगत होतो. ते म्हणाले, महाराज, आम्ही मक्केला गेलो तेव्हा निजामाच्या रुबातमधे उतरलो. निजामांनी फार पूर्वी तिथं हैदराबाद राज्यातल्या यात्रेकरूंसाठी घरं घेऊन ठेवली, आणि राज्य गेलं तरी मराठवाड्यातल्या माणसाला चिठ्ठीत नंबर लागला तर आजही तिथं फुकट राहता येतं. मला मोठी गंमत वाटली. ज्या राजाच्या नाक्यावर आज्याची पडशी सोडून बघायचे, त्याच राजाच्या नावावर अंबडचा माणूस मक्केत पाठ टेकतो. आणि विठोबाच्या दारात अंबडच्या दिंडीला शंभर वर्षांत स्वतःचा ओटा नाही.

म्हणून शताब्दीला मठ बांधायचं ठरलं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. २०२० ला करोनात वारी झाली नाही, पालख्या एसटीत बसून गेल्या, तेव्हा घरी बसून हा विषय पहिल्यांदा निघाला. देवळाजवळ जागा मिळायची आशा नाही. तिथं २०२२ पासून कॉरिडॉरचं चाललंय, जुने वाडे राहतात की जातात याची तिथल्या लोकांनाच धास्ती आहे. ज्या वाड्याच्या दारातून आपण वळलो तोही त्याच भागात. त्या घरातल्या आताच्या माणसांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. म्हणून वाखरी किंवा इसबावीच्या अंगाला दोन गुंठे बघतोय. भाव ऐकून चार सालचं सोयाबीन डोळ्यांपुढं आलं.

गेल्या बैठकीत दोन मतं पडली. तरुण मंडळी म्हणतात, बारा खोल्या काढू, संडास-बाथरूम आत, वर्षभर भाड्यानं देऊ, देखभालीचा खर्च निघेल. काही जुने म्हणतात, मठ फक्त दिंडीच्या सभासदांचा, पावती असेल त्यालाच कुलूप उघडायचं. मला भाड्याचं वावडं नाही. बंद मठात कोळिष्टकं होण्यापेक्षा चार पैसे आलेले बरे. पण मी बैठकीत दोन गोष्टी मागितल्या आणि इथं छापून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी नाही म्हणायला नको. एक, पुढं मोठी ओसरी काढायची आणि तिला दार लावायचं नाही. आषाढी-कार्तिकीला तिथं कुणीही येऊन आडवं व्हावं, गाव-नाव-पावती विचारायची नाही. दुसरी, साफसफाईला जो माणूस ठेवू त्याला राहायला त्याच मठात खोली, मागच्या बाजूला शेड मारून नव्हे. पहिल्या गोष्टीला सगळे हो म्हणाले. दुसरीवर बैठक लांबली, रात्रीचे अकरा वाजले, आणि पुढच्या बैठकीत बघू म्हणून उठले.

तात्यांचा पणतू आता संभाजीनगरला नोकरीला आहे. त्याला मी चोपडीतली ती पानं दाखवली. तो म्हणाला, मला यांचा फोटो काढू द्या. काढला. मठाची वर्गणी द्यायची का, हे मात्र तो ओसरी आणि त्या खोलीचं ठरल्यावर सांगणार आहे. त्याचं बरोबर आहे.

जागा बघायला कार्तिकीच्या आधी सात-आठ जण जाणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी दसऱ्यापर्यंत कोठीवर नाव सांगावं. आपापलं अंथरूण-पांघरूण बरोबर घ्यावं, कारण तिथं दोन रात्री उतरायची सोय अजून झालेली नाही.